सुभेदारसाहेब, उपग्रह पाडायची गरजच नाही

सुभेदारसाहेब, उपग्रहांची सेवा कधीही तुटू शकते, म्हणून राखीव उपग्रह आणि उपग्रहाविना काम चालवायची तयारी हवी, असं मी म्हटलं होतं. त्यावर ‘२०१९ ला आपण उपग्रह पाडून दाखवला, आता आपल्या उपग्रहाला हात लावायची कुणाची छाती आहे? कोल्हापुरात बसून लोकांना घाबरवू नका,’ असं तुम्ही लिहिलंय.

२०१९ च्या त्या चाचणीचा, मिशन शक्तीचा, अभिमान मलाही आहे. पण तेव्हा पाडलेला उपग्रह आपलाच होता, आणि जेमतेम ३०० किलोमीटर उंचीवर. तोफेला, ड्रोनला, जहाजाला जागा सांगणारे जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटरवर असतात, नाविक या आपल्या देशी दिशादर्शक यंत्रणेचे तर ३६ हजारांवर. तिथवर क्षेपणास्त्र धाडायचा खटाटोप शत्रू कशाला करेल? इतक्या लांबून येणारा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत पार क्षीण होतो. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर कुणाची कुजबुज ऐकायची, तशी गत. त्याच फ्रिक्वेन्सीवर गोंगाट करणारा जॅमर एका ट्रकवर मावतो. युक्रेनमध्ये जीपीएसवर चालणारे अमेरिकी तोफगोळे रशियाच्या जॅमिंगनं भरकटले. उपग्रह वर सुखरूप होते.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. २४ फेब्रुवारी २०२२, रशियानं युक्रेनवर चाल केली ती पहाट. व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या केए-सॅट उपग्रहाची इंटरनेट सेवा कोलमडली. उपग्रहावर ओरखडाही नाही. हॅकरांनी जमिनीवरच्या यंत्रणेत घुसून हजारो मोडेम निकामी केले होते. युक्रेनचं लष्कर ही सेवा वापरत होतं. वर जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांवरचं दूरनियंत्रणही गेलं, त्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नसताना! युरोपीय संघानं रशियाचं नाव जाहीरपणे घेतलं ते मे महिन्यात. तोवर आपलं क्षेपणास्त्र कुणावर रोखून बसायचं, तुम्हीच सांगा. धाक दाखवायला समोर कोण आहे हे आधी कळावं लागतं.

(अवकाशात फोडाफोडी झालीच तर कचरा सगळ्यांच्याच वाटेत येतो. चीननं २००७ मध्ये स्वतःचा हवामान उपग्रह फोडला, त्याचे तुकडे अजून फिरताहेत.)

आणि शत्रूच कशाला हवा? जागा काढायला लागणारी अचूक वेळ देणारी नाविकच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला नाविकचाच एनव्हीएस-०२ उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. राखीव उपग्रह हवेत, हे माझं म्हणणं त्यातूनच आलंय.

‘आम्ही नकाशा-होकायंत्रावर रात्रीच्या रात्री चाललो,’ हे तुमचं वाक्य मात्र माझ्याच बाजूचं आहे. अमेरिकी नौदल अकादमीनं बंद केलेलं ताऱ्यांवरून दिशा काढायचं शिक्षण २०१५ मध्ये पुन्हा सुरू केलं, ते उगाच नव्हे. फक्त एवढ्यानं भागेल असं मला वाटत नाही. भर समुद्रातली आपली जहाजं जीसॅट-७ सारख्या नौदलाच्या संदेशवहन उपग्रहांवरून बोलतात. तो दुवा तुटला तर होकायंत्र काय करणार? त्यासाठी वेगळी सोय लागेल, आणि ती आधीपासून सरावातली असावी लागेल.