काकरापारचं नाव काढलं की सगळे दचकतात

बडोद्याच्या दांडिया बाजारात चार मराठी घरं जमली आणि वीजबिलाचा विषय निघाला, की अणुऊर्जेवर, म्हणजे आपल्या गुजरातमधल्या काकरापारच्या अणुवीज केंद्रावर, गाडी येतेच. मग कुणीतरी काका ठरलेलं वाक्य टाकतात, "नको रे बाबा, चेर्नोबिल आठवतं ना?" आठवतं! १९८६ आठवतं, २०११ चं फुकुशिमाही आठवतं. पण वणाकबोरीच्या औष्णिक केंद्रात रोज जळणारा कोळसा कुणालाच का आठवत नाही? आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. ती राख, तो गंधक, ते बारीक कण कुणाच्या तरी छातीत जातातच ना? ती माणसं एका दिवशी, एका ठिकाणी मरत नाहीत, म्हणून त्यांची बातमी होत नाही. याचाच मला संताप येतो.

आणि "अणुभट्टी म्हणजे बॉम्ब" हे तर आता ऐकवतच नाही. काकरापारच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्यात फुटून ऊर्जा देणारं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के, बॉम्बला लागतं नव्वदच्या आसपास!

वेळ लागतो, हा आक्षेप मात्र खरा. तिथल्या तिसऱ्या भट्टीचं काम २०१० मध्ये सुरू झालं, ग्रिडला जोडली २०२१ मध्ये. पैसाही अफाट लागतो. यावर भांडा की! खर्चावर भांडा, वापरलेलं इंधन कुठे ठेवणार ते विचारा, मी रात्रभर बसायला तयार आहे. पण कोळशाला एकही प्रश्न न विचारता फक्त अणूला घाबरायचं, हे मला पटत नाही.