‘विमानातल्या सीटा आखडल्या हा भ्रम आहे’ या दाव्याचा प्रतिवाद

गेली काही वर्षं एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विमानातल्या सीटा लहान झाल्या हा प्रवाशांचा भ्रम आहे. रुंदी पन्नास वर्षांपूर्वी होती तेवढीच आहे. दोन रांगांमधलं अंतर कमी झालं असलं तरी सीटची पाठ पातळ झाल्यामुळे गुडघ्यांना जागा पूर्वीइतकीच मिळते. ९० सेकंदांत विमान रिकामं होतं हे सिद्ध झाल्याशिवाय मान्यताच मिळत नाही, म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न येत नाही. आणि स्वस्त तिकीट हवं असेल तर एवढं सोसावंच लागेल.

चारही मुद्द्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा मजकूर वाचणाऱ्याला पटतो. प्रत्येक मुद्द्यातून जे गाळलं आहे ते मात्र तपासायला हवं.

दावा १: ‘रुंदी पूर्वीइतकीच आहे’

बोइंग ७३७ पुरतं हे खरं आहे. ७३७ च्या केबिनची रुंदी १९५८ साली सेवेत आलेल्या ७०७ वरूनच आली आहे. आतून साधारण १३९ इंच जागा मिळते. त्यात १७ इंचांच्या तीन सीटा आणि २ इंचांचे चार हातदांडे मिळून एका बाजूचे ५९ इंच, दोन्ही बाजूंचे ११८, आणि मध्ये २० इंचांची वाट. यात कापायला काही उरतच नाही. एअरबस ए३२० चं केबिन सुमारे सहा इंच जास्त रुंद आहे, म्हणून तिथे सीट १८ इंचांची बसते.

पण हाच न्याय मोठ्या विमानांना लावता येत नाही. बोइंग ७७७ मध्ये सुरुवातीला एका ओळीत नऊ सीटा असत, प्रत्येकी सुमारे साडेअठरा इंच. आज बहुतेक कंपन्या त्याच केबिनमध्ये दहा बसवतात आणि सीट १७ इंचांवर येते. ७८७ च्या बाबतीत आठच्या जागी नऊ हाच आता प्रघात आहे. जपान एअरलाइन्सने मात्र आंतरराष्ट्रीय उड्डाणांत आठ सीटा राखल्या आहेत. ए३३० मध्ये आठ सीटा सुखाने मावतात. काही बजेट कंपन्या तिथे नऊ बसवतात, तेव्हा सीट साडेसोळा इंचांच्या आसपास उरते. म्हणजे लांबच्या प्रवासात, जिथे माणूस आठ-दहा तास बसतो, तिथेच रुंदी प्रत्यक्ष कमी झाली आहे.

दुसरी गोष्ट, हातदांड्यांमधली रुंदी हा कंबरेचा हिशेब झाला. अडचण खांद्यांना होते. खांद्यांसाठी पाहायचं ते एका सीटच्या मध्यापासून शेजारच्या सीटच्या मध्यापर्यंतचं अंतर. ७३७ मध्ये ते १९ इंच भरतं. धिप्पाड पुरुषाचे खांदे २० इंचांच्या वर जातात. असे दोघे शेजारी बसले की एकाला तिरकं व्हावंच लागतं. हातदांडा बारीक करून सीटची छापील रुंदी अर्ध्या इंचाने वाढवता येते, पण हे मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर त्याने तसूभरही वाढत नाही.

शिवाय माणसं बदलली आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत पुरुषांचं सरासरी वजन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ७५ किलो होतं. २०१० नंतरच्या पाहण्यांत ते ८९ किलोंच्या आसपास आलं. सीट तेवढीच राहिली असेल, तर तीही आखडल्यासारखीच म्हणायची.

दावा २: ‘पाठ पातळ झाली, गुडघ्यांची जागा वाचली’

हा या मजकुराचा सगळ्यात चतुर मुद्दा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

आधी पिच म्हणजे काय ते पाहू. एका सीटवरच्या कुठल्याही बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. त्यात सीटच्या पाठीची जाडीही धरलेली असते, त्यामुळे पिच आणि लेगरूम, म्हणजे पायांना मिळणारी जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केबिनच्या जमिनीत लांबीच्या दिशेने धातूचे रूळ असतात, त्यांत दर इंचाला एक गोल खाच असते आणि सीटचे पाय त्या खाचांत अडकवून घट्ट करतात. म्हणून पिच पूर्ण इंचांतच बदलते, आणि एकाच विमानात काही रांगा २९ तर काही २८ इंचांवर असू शकतात. जाहिरातीत दिसतो तो बहुधा त्यातला बरा आकडा.

पूर्वी साध्या वर्गात ३१ ते ३४ इंच पिच सर्रास असे. आज बजेट कंपन्यांकडे २८ ते ३० असते. आता पाठीची जाडी वजा करू. जुन्या सीटची पाठ गुडघ्यांच्या उंचीवर साधारण ४ इंच धरा, नव्या पातळ सीटची २ इंच. ३१ उणे ४ म्हणजे २७. २८ उणे २ म्हणजे २६. पातळ पाठीने दोन इंच परत दिले, पण गेले होते तीन. पिच २९ वरच थांबली असती, तर दावा खरा ठरला असता. तो सरसकट सगळ्यांना लावला, तिथे तो फसतो.

यापेक्षा मोठी गोम वेगळीच आहे. पाठ पातळ केल्याचा फायदा मुख्यतः गुडघ्यांच्या पट्ट्यातच मिळतो. मासिकं ठेवायचा खिसा गुडघ्यांसमोरून काढून ट्रेच्या वर नेलेला असतो, म्हणजे खालचा फुगवटा वर सरकला. छाती, चेहरा आणि ट्रे यांच्यासमोरची जागा पिचवरच ठरते. लॅपटॉप पूर्ण उघडत नाही, पडलेली वस्तू उचलायला वाकता येत नाही, खिडकीकडच्याला बाहेर पडताना मान वाकडी करून सरकावं लागतं. त्यातल्या कशालाही पातळ पाठ पुरी पडत नाही.

गादीचंही पाहा. वजन वाचवण्यासाठी फोम पातळ केला जातो आणि काही मॉडेलांत बसायच्या गादीची लांबीही कमी केलेली असते. मांडीला आधार तोकडा पडला की सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो. तासाभरात फोम दबतो आणि माणूस नकळत पुढे घसरून बसतो. कंबर दोन-तीन सेंटिमीटर पुढे गेली की गुडघेही तेवढेच पुढे जातात. कागदावर वाचवलेली जागा इथे संपते.

दावा ३: ‘९० सेकंदांची चाचणी झालेली असते’

चाचणी असते आणि ती खडतर असते. अंधार, निम्मेच दरवाजे वापरायचे, वाटेत सामान आणि उशा विखुरलेल्या, आणि सगळे प्रवासी व कर्मचारी ९० सेकंदांत बाहेर. २००६ साली हॅम्बुर्गमध्ये ए३८० मधून ८७३ जण ७८ सेकंदांत बाहेर पडले. हे काम खरोखर कौतुकाचं आहे.

पण त्या चाचणीत कोण असतं? नियमानुसार किमान ४० टक्के स्त्रिया आणि ३५ टक्के पन्नाशीपुढचे लोक हवेत. तान्ह्या बाळांच्या जागी तीन बाहुल्या असतात. चालता न येणारे, काठी घेणारे, घाबरलेली मुलं, ओव्हरहेड बिनमधून बॅग ओढणारे यांतलं कुणी नसतं. १९९१ साली एमडी-११ विमानाच्या चाचणीत साठीच्या एका स्वयंसेविकेच्या मणक्याला इजा होऊन तिला कायमचं अपंगत्व आलं. अशी जोखीम टाळण्यासाठी नव्या उपप्रकारांना जुन्या चाचण्या आणि गणित यांच्या आधारेही मान्यता देता येते. ती भूमिका समजण्यासारखी आहे. पण मग ‘प्रत्येक विमानाची चाचणी झाली आहे’ असं म्हणू नये.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा, म्हणजे एफएएचा, युक्तिवाद असा की दरवाजा उघडून घसरगुंडी फुगेपर्यंत लोक उठून वाटेत आलेलेच असतात. खोळंबा दाराशी होतो, सीटपाशी नाही. हा युक्तिवाद पोकळ नाही. २०१७ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एफएएला सीटच्या आकाराचा पुन्हा विचार करायला सांगितलं, २०१८ साली अमेरिकेच्या संसदेने किमान आकार ठरवण्याचा कायदा केला, आणि त्यानंतर ओक्लाहोमा सिटीत ७२० स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. पिचमुळे बाहेर पडण्याच्या वेळेत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र ते सगळे १८ ते ६० वयाचे आणि धडधाकट होते, ६०-६० च्या गटात होते, आणि ही मर्यादा एफएएने स्वतःच मान्य केली. धडधाकट माणसांवरच्या प्रयोगातून वृद्धांविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

प्रत्यक्ष अपघाताला ९० सेकंदांचं बंधन नसतं. २ जानेवारी २०२४ रोजी हानेदा विमानतळावर जळत्या ए३५० मधून सर्व ३७९ जण वाचले, पण वापरता आले आठांपैकी तीनच दरवाजे, आणि शेवटचा माणूस विमान उतरल्यानंतर सुमारे १८ मिनिटांनी बाहेर आला.

किमान जागेचा नियम करणं अशक्य आहे असंही नाही. १९८५ साली मँचेस्टरच्या धावपट्टीवर पेटलेल्या ७३७ मध्ये ५५ जण दगावले, त्यांतले बहुतेक धुराने. त्यानंतर १९८९ साली ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने नियम केला: पाठीच्या गादीपासून पुढच्या सीटपर्यंत किमान २६ इंच मोकळे हवेत. या नियमाने पिच मोजलीच नाही, शरीराला मिळणारी मोकळी जागा मोजली. पाठ जाड असो वा पातळ, पळवाट उरत नाही. वरच्या हिशेबातली २८ इंच पिचची सीट या रेषेवर जेमतेम उभी आहे.

दावा ४: ‘स्वस्त हवं तर सोसा’

हिशेब करून पाहू. ३१ रांगा, १८६ सीटा, पिच २८ इंच. प्रत्येक रांगेला एक इंच द्यायचा तर ३१ इंच लागतात, म्हणजे साधारण एक रांग. सहा सीटा गेल्या, उरल्या १८०. विमान पूर्ण भरतं असं धरलं, तरी तेवढंच उत्पन्न मिळवायला तिकीट ३.३ टक्क्यांनी वाढवावं लागेल. थेट ३१ इंचांवर जायचं तर तीन रांगा जातात, १६८ सीटा उरतात आणि वाढ १०.७ टक्के होते.

हीही कमाल मर्यादा झाली. २०२४ साली जगभरात सरासरी ८३.५ टक्के सीटा भरल्या होत्या; १८६ पैकी सुमारे १५५. सरासरी फेरीत काढलेल्या रांगा रिकाम्याच गेल्या असत्या, नुकसान गर्दीच्या दिवसांचं. सीटा कमी झाल्या की वजन आणि इंधनही थोडं घटतं. कर्मचाऱ्यांचा हिशेब दर ५० सीटांमागे एक असा असतो, त्यामुळे १६८ ला चार आणि १८६ लाही चारच लागतात.

बजेट कंपन्यांची स्वस्ताई एकट्या पिचवर उभी नाही. एकाच प्रकारची विमानं, अर्ध्या तासात परतीचं उड्डाण, दिवसभर हवेत राहणारं विमान आणि सामानापासून सीट निवडण्यापर्यंतचं वेगळं शुल्क यांचा त्यात मोठा वाटा आहे.

‘लोक जास्त जागेसाठी पैसे मोजत नाहीत’ असं म्हणताना अमेरिकन एअरलाइन्सचं उदाहरण दिलं जातं. २००० साली त्यांनी साध्या वर्गात सीटा कमी करून जागा वाढवली आणि काही वर्षांत निर्णय मागे घेतला. उदाहरण खरं आहे. पण तिकीट शोधताना यादी लागते ती किमतीनुसार, आणि पिच त्या यादीत बहुधा नसते. जो माल दिसतच नाही त्याला भाव कसा मिळणार? त्याच कंपन्या आज पुढच्या रांगांतले तीन-चार इंच वेगळे विकतात आणि ते विकले जातात.

दुसऱ्या बाजूची अतिशयोक्ती

सीटा लहान म्हणून पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, असंही ठासून सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासात हा धोका सुमारे दुप्पट होतो, तरी निरोगी माणसाला तो साधारण सहा हजारांत एक एवढाच असतो. बस, रेल्वे, मोटारीतही तो असतो. कारण सलग न हलता बसणं हे आहे. अडचणीच्या सीटमुळे माणूस उठायचं टाळतो, इतकाच तिचा संबंध.

बुकिंग करण्याआधी

पाठ भिंतीला टेकवून स्टुलावर बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा. त्यात पातळ पाठीचे ५ सेंमी आणि हालचालीचे ५ सेंमी मिळवा. ६० सेंमी भरले तर ७०, म्हणजे २८ इंच पिच चालेल. ६६ भरले तर ७६, म्हणजे ३० च्या खाली घेऊ नका.

खांदे रुंद असतील तर पिचआधी विमानाचा प्रकार पाहा. ए३२० ला ७३७ पेक्षा प्रत्येक सीटमागे इंचभर जास्त मिळतो. एम्ब्रेअरच्या ई-जेटमध्ये मधली सीटच नसते, आणि ए२२० मध्ये मधली सीट १९ इंचांची असते. आणीबाणीच्या दाराशी पायांना ऐसपैस जागा मिळते, पण ट्रे हातदांड्यात असेल तर तो दांडा जाड आणि न उचलता येणारा असतो, रुंदी घटते. दोन दारं लागून असतील तर पुढच्या रांगेची पाठ मागे झुकत नाही. पहिल्या रांगेत भिंतीमुळे पाय पसरता येत नाहीत आणि उड्डाणाच्या वेळी बॅग वरच ठेवावी लागते. शेवटच्या रांगांत विमान निमुळतं होतं, खिडकीकडच्या खांद्याला आणि पायाला ते जाणवतं.

तक्रार करायची असेल तर ‘जागा कमी होती’ असं लिहू नका. पाठीच्या गादीपासून पुढच्या सीटपर्यंत गुडघ्याच्या उंचीवर टेपने मोजा, आणि तो आकडा विमानाचा प्रकार, रांग, सीट व तारखेसह लिहा. ६६ सेंमींपेक्षा (ब्रिटनच्या नियमातल्या २६ इंचांपेक्षा) कमी भरला, तर तेही त्यात स्पष्ट नोंदवा.