उशिराची वही

एका लेखात मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थी प्रतिनिधींची मनोगतं वाचली. एकोपा, शाळेचा अभिमान वगैरे सगळं छानच लिहिलंय पोरींनी. मीही नाशकात मुलींच्याच शाळेत शिकले. नववीत शालेय मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होते. पद भारी, काम मात्र नखं तपासायचं! शिवाय परिपाठाला उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची वहीही माझ्याकडेच.

त्या वहीत रोज तीच नावं. सिन्नर, दिंडोरीकडून एसटीनं येणाऱ्या मुली. अहिल्यादेवी होळकर योजनेचा मोफत पास होता त्यांच्याकडे, पण गाडी वेळेवर यायला नको? बाई त्यांना मैदानात उभं करायच्या. डिसेंबरातली नाशकातली थंडी, एकीनं बोटं स्वेटरच्या बाहीत ओढून घेतलेली. दुसऱ्या दिवशी मी वही कोरीच दिली. बोलणी खाल्ली, पद वाचलं कसंबसं.

पुढे ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, त्याच मुली पहाटेच्या पहिल्या गाडीनं आल्या. पिशवीभर झेंडू घेऊन. तोरणं आम्ही शहरातल्या पोहोचायच्या आतच लागली होती.

लेखातल्या मुलींना एवढंच विचारायचंय, तुमच्याकडे उशिराची वही कोण लिहितं?