रेग्युलेटरवरची थंडी

आमच्या घरी थंडी अंशांत मोजत नाहीत, पंख्याच्या रेग्युलेटरवर मोजतात. पाच म्हणजे उन्हाळा, तीन म्हणजे पावसाळा आणि एक म्हणजे कडाका. पंखा बंद दिसला तर थंडी पडली असं नव्हे, लाइट गेलेत असं समजायचं.

यंदा डिसेंबर संपला तरी काटा पाचावरून हलेना. पूर्वेचे कोरडे वारे सकाळीच सुटायचे, समुद्राकडचा वारा दुपारी उशिरा उगवायचा आणि तोवर ठाण्याचा पारा पस्तिशी गाठून बसलेला असायचा. बायकोने हौसेने केलेल्या डिंकाच्या लाडवांना डब्यातच तूप सुटलं. माळ्यावरून काढलेल्या गोधड्यांपासून घराला लाभ झाला तो फक्त डांबरगोळ्यांच्या वासाचा.

अशात बातमी आली: पुढच्या आठवड्यात उत्तर कोकणात किमान तापमान सरासरीखाली जाण्याची शक्यता. 'शक्यता' हा शब्द आमच्याकडे कोणी वाचत नाही. आईने त्याच संध्याकाळी कानटोपी चढवली. मी नवा स्वेटर आणला. आणि निफाडहून सासऱ्यांचा फोन आला, "चार दिवस येतो म्हणतो. जरा ऊब घ्यायला."

अण्णांची द्राक्षबाग आहे. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत दर हिवाळ्यात ज्या गावाचं नाव येतं, त्या गावचा हा माणूस. पारा फार उतरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तिकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा माणसाला आणायला मी ठाणे स्टेशनवर स्वेटर घालून गेलो, ही माझी पहिली चूक.

"जावईबापू, ताप आलाय का?"

घरी पोचेपर्यंत मी ठाण्याची बाजू लढवत होतो. "अण्णा, किनारपट्टीचा हिशेब वेगळा असतो. मैदानी भागात लाट म्हणायला पारा दहापर्यंत यावा लागतो. आमच्याकडे पंधरापर्यंत आला आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरला, तरी हवामान खातं थंडीची लाट म्हणतं."

"म्हणजे सवलतीचे मार्क."

मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "22 जानेवारी 1962. सांताक्रूझ, 7.4 अंश!"

"बरं. आणि तुमचा जन्म?"

"1974."

अण्णा पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता शर्टाच्या वरच्या बटणाला हात घातला.

पहिले दोन दिवस थंडी आलीच नाही. मी त्यांना समजावलं, की पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राकडून निघतो, हिमालयात बर्फ पाडतो, तो पुढे सरकला की उत्तरेचे गार वारे खाली सुटतात. थोडा वेळ लागतोच. अण्णा गॅलरीतून घोडबंदर रोडकडे बघत म्हणाले, "उत्तरेकडनं ठाण्यात शिरायचं म्हणजे याच रस्त्यानं ना? मग गायमुखच्या घाटात अडकला असंल." (त्यांची टॅक्सी आदल्याच दिवशी तिथे पाऊण तास उभी होती. मुलीसोबत वसईला लग्नाला गेले होते.)

आमचा फ्लॅट वन बीएचके. बायकामंडळी आत, हॉलमध्ये मी आणि अण्णा, आणि दोघांत मिळून एक पंखा. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला पायाची बोटं गार पडून मला जाग आली. आलीच शेवटी! मी आनंदाने उठलो, पंखा एकावर आणला, गोधडी पांघरून पडलो. पाच मिनिटांनी खट्, खट्, खट्, खट्. पुन्हा पाच.

"अण्णा, थंडी वाजतेय."

"वारा नसला की डास फोडून काढतात, जावईबापू."

यावर ठाणेकराकडे उत्तर नसतं. पहाटेपर्यंत त्या रेग्युलेटरने आमचे सहा फेरे पाहिले. साडेपाचला मी नाद सोडला, स्वेटरवर स्वेटर चढवला, आईची जादा कानटोपी घातली आणि मोबाइलवर पारा पाहिला. 15.4.

"अण्णा," मी हळहळलो, "चार दशांशांनी हुकली हो लाट."

"रिचेकिंगला टाका," अण्णा म्हणाले, आणि माझी रिकामी झालेली गोधडी स्वतःच्या गोधडीवर घेऊन त्यांनी ती पार नाकापर्यंत ओढली.