ताशी हेक्टरच्या पलीकडेही बघा

तुमच्या लेखात गवत कापणी-कंडिशनिंग यंत्रांची (गवत कापून, लवकर वाळावं म्हणून देठं रोलरमध्ये चेपणारी यंत्रं) तुलना फक्त ताशी किती हेक्टर यावर केली आहे, तीही कागदावरच्या रुंदीने. ३ मीटर रुंदी, ताशी १० किमी वेग म्हणजे ३ हेक्टर. वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे धरले की साधारण ८० टक्केच हाती लागतं. पण खरी परीक्षा रोलरची! लसूणघासाची मूठभर देठं उचलून बघा: दहातली नऊ चेपलेली हवीत, पानं मात्र शाबूत. देठं कोरी राहिली तर रोलरमधली फट जास्त किंवा दाब कमी. पानं काळवंडली तर उलट. (फट तपासताना इंजिन बंद, किल्ली खिशात.) शिवाय शेजारी एक पट्टा कंडिशनिंगविना वाळत ठेवून दोन्हींचा ओलावा मोजल्याशिवाय फरक कळणार कसा?