टर्फ पुष्कळ, फरशी कुठे?

सप्टेंबर २०२५ मध्ये भारताच्या फुटसाल (म्हणजे फरशीवरचा, पाच-पाच जणांचा छोटा फुटबॉल) संघाने मंगोलियाला ३-० असं हरवलं. आंतरराष्ट्रीय फुटसालमधला आपला हा पहिलाच विजय. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतले हे सामने कुवेतमध्ये झाले. गटात यजमान कुवेत आणि ऑस्ट्रेलियाही होते. त्या दोघांनी आपल्याला सपाटून हरवलं आणि पात्रतेचा विषय तिथेच संपला. बातमी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, तर दादरच्या आतेभावाचं तत्काळ उत्तर आलं, "एकशे चाळीस कोटींचा देश, आणि मंगोलियाला हरवलं म्हणून पेढे वाटायचे काय रे?"

पेढे राहू देत. पण या एकशे चाळीस कोटींच्या हिशेबाचा मला कंटाळा आला आहे. ऑलिम्पिक असो, फुटबॉल असो, हरलो की आपण डोकी मोजायला बसतो. मी राहतो लिस्बनच्या उपनगरात. अख्ख्या पोर्तुगालची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. २०११च्या जनगणनेत मुंबई महापालिकेच्या हद्दीतच एक कोटी चोवीस लाख माणसं होती. एवढ्याशा देशाने २०१८ मध्ये फुटसालचं युरोपीय विजेतेपद मिळवलं, २०२१ मध्ये लिथुआनियात अर्जेंटिनाला २-१ हरवून विश्वचषक जिंकला आणि २०२२ मध्ये युरोपचं अजिंक्यपद राखलं. डोकी खेळत नाहीत, खेळतात ते खेळायला मिळालेले तास. आणि आपला तासांचा हिशेब काढला तर मंगोलियावरचा विजय अजिबात हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने फुटसालची पहिली राष्ट्रीय क्लब स्पर्धा भरवली २०२१ मध्ये. पुरुषांचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा मैदानात उतरला २०२३ मध्ये; त्या वर्षी दुशांबेला पात्रता फेरीत तिन्ही सामने हरला. म्हणजे शून्यापासून पहिल्या विजयापर्यंत दोन वर्षं. फिफाचा फुटसाल विश्वचषक १९८९ पासून चालू आहे हे लक्षात घेतलं, तर आपण वर्गात शिरलो तेव्हा बाकीची मुलं दहावीला होती.

आतेभावाचं पुढचं म्हणणं जास्त विचार करण्यासारखं होतं. "मुंबईत तर गल्लोगल्ली फुटसाल चालतो. मग खेळाडू का नाहीत?" तो म्हणतो ते टर्फ. मॉलच्या गच्चीवर, सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर, जिथे जागा सापडेल तिथे हिरवं कृत्रिम गवत अंथरलेलं, चहूबाजूंनी आणि डोक्यावरही जाळी. रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, शेजारचे झोपमोड झाली म्हणून तक्रारी करतात, आणि ऑफिसातली दहा-बारा मंडळी तासाचं भाडं वाटून घेऊन खेळतात. मजा आहे, मीही खेळलो आहे. पण तो फुटसाल नव्हे.

फुटसाल कडक, सपाट फरशीवर खेळतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांचं मैदान साधारण ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद. चेंडू चार नंबरचा, मुद्दाम कमी उसळणारा. बाजूला जाळी नाही, नुसती रेघ. चेंडू रेघेबाहेर गेला की दुसऱ्या संघाचा, आणि त्यांनी तो चार सेकंदांत आत आणायचा. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, पण चेंडू थांबला की घड्याळही थांबतं. एका डावात संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्याला दहा मीटरवरून मोकळा फटका, मध्ये भिंत उभी करायची सोय नाही. खेळाडू कितीही वेळा बदला, खेळ थांबवायची गरज नाही.

या नियमांतून एक ठरावीक पाय घडतो. टर्फवर पास चुकला तर जाळीला आपटून चेंडू परत येतो, चूक पोटात घातली जाते. फुटसालमध्ये चूक झाली की चेंडू गेला. त्यामुळे मुलं बुटाच्या तळव्याने चेंडू दाबून थांबवायला शिकतात, पाठीवर माणूस असताना वळायला शिकतात, चेंडू येण्याआधीच कुणाला द्यायचा ते बघून ठेवतात. गवतात जरा रेंगाळणारा चेंडू आणि जाळीची कुबडी या दोन्हींवर वाढलेल्या मुलाला कुवेतच्या गुळगुळीत फरशीवर उभं केलं, तर पहिली दहा मिनिटं त्याची चेंडूमागे धावण्यातच जाणार.

आता इथलं, पोर्तुगालचं सांगतो. प्रत्येक नगरपालिकेची, पुष्कळदा शाळेला लागून, छप्पर असलेली क्रीडागृहं आहेत. लाकडी किंवा सिंथेटिक फरशी, तिच्यावर हँडबॉल, बास्केटबॉल, फुटसालच्या वेगवेगळ्या रंगांच्या रेघा. दारावर वेळापत्रक असतं. संध्याकाळी आधी चिल्लीपिल्ली, मग थोडी मोठी, मग चाकांच्या बुटांवरची हॉकी (इकडे तिचं भारी वेड), मग मुलींचा संघ, आणि रात्री पोट सुटलेले काका लोक. जागा चालवतात वस्तीतले जुने क्लब. ज्यांच्या तळघरात पत्ते कुटले जातात आणि वर्षातून एकदा जत्रा भरते, असे. हे सगळं चाललेलं असतं आठवड्याच्या साध्या दिवशी, टीव्हीवर काहीही नसताना. राष्ट्रीय संघाचा सुवर्णकाळ येण्याआधीही हे असंच चालू होतं. २००० साली विश्वचषकात तिसरा क्रमांक, २०१० मध्ये युरोपच्या अंतिम सामन्यात स्पेनकडून हार, २०१६ मध्ये विश्वचषकात चौथा क्रमांक. पहिला मोठा चषक हाती यायला २०१८ उजाडलं, तोवर कुणी क्रीडागृहांना कुलूप लावलं नाही.

हे वाचून आतेभाऊ म्हणणार, तुझं आपलं बरं आहे, तिकडे बसून आम्हाला शहाणपण शिकव. म्हणून इकडचंही झाकत नाही. इथली व्यावसायिक लीग बहुतेक वेळा लिस्बनच्या दोन बड्या क्लबांची, बेन्फिका आणि स्पोर्टिंगची, घरगुती भांडणं असते; बाकीचे क्लब कसेबसे तग धरतात. रिकार्डिन्यो, सहा वेळा जगातला सर्वोत्तम ठरलेला खेळाडू, त्याच्या उमेदीची बरीच वर्षं जपानमध्ये आणि स्पेनमध्ये खेळला. लहानपणी अंगाने किरकोळ म्हणून मोठ्या फुटबॉलने त्याला नाकारलं होतं, ते वेगळंच. मुलांच्या सामन्यात पंचांवर ओरडणारे आईबाप इथेही आहेत आणि त्यांची भाषा ऐकून लालबागही लाजेल. आणि २०२४च्या विश्वचषकात हा गतविजेता संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात कझाकस्तानकडून हरून घरी आला.

कझाकस्तानचं नाव निघालं की मुंबईच्या चर्चेत लगेच दुसरा मुद्दा येतो: परदेशस्थ भारतीयांना खेळवा. कझाकस्तानचा गोलरक्षक हिगिता मूळचा ब्राझीलचा, त्यांनी तसे अजूनही काही घेतले, मग आपण का नाही? कायदा आडवा येतो, दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. पण तो वाद क्षणभर सोडला तरी मला पोर्तुगालचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं, कदाचित मी स्वतः इथे बाहेरचा आहे म्हणून. २०२१च्या अंतिम सामन्यातले पोर्तुगालचे दोन्ही गोल पानी वारेलाचे, जन्म केप व्हर्दीचा. २०२२च्या युरोप स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू झिकी, जन्म गिनी-बिसाऊचा. हे दोघे तयार खेळाडू म्हणून आयात केलेले नाहीत, ते इथल्याच वस्त्यांत राहून खेळ शिकले. गोवंडी-मानखुर्दच्या पोराला मैदानाच्या दारात आधी डोमिसाइल विचारायची ज्यांना घाई असते, त्यांनी हा चषक जरा जवळून पाहावा.

आणि आपण पैसा खर्च करत नाही असंही नाही. २०१६ मध्ये प्रीमियर फुटसाल नावाची खाजगी लीग आली. लुईस फिगो अध्यक्ष, विराट कोहली जाहिरातीचा चेहरा, रोनाल्डिन्यो, स्कोल्स, गिग्ज, फाल्काव असे संघाला एकेक तारे. मुंबईचा संघ त्या वर्षी विजेताही ठरला. महासंघाने लीगला मान्यता दिली नव्हती. दोन हंगामांनंतर ती बंद पडली. तिने मागे काय ठेवलं? एखादी फरशी तरी? डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, सचिन भेटला, मुंबईकरांनी महागडी तिकिटं काढून त्याचं हात हलवणं पाहिलं. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारच्या 'महादेवा' योजनेचा गाजावाजा झाला. तीत तेरा वर्षांखालच्या निवडक मुलामुलींना पाच वर्षं शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण मिळणार आहे. चांगलंच आहे. पण निवडायची कुणातून? ज्यांना आधी कुठेतरी खेळायला मिळालं त्यांच्यातूनच ना?

युरोपचं उदाहरण नको असेल तर इराण घ्या. आशियाई स्पर्धा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०२४पर्यंत इराणने ती तेरा वेळा जिंकली. १९९२च्या विश्वचषकात त्यांचा चौथा क्रमांक होता. २०१६ मध्ये त्यांनी पेनल्टीवर ब्राझीलला बाहेर काढलं आणि शेवटचा विश्वचषक खेळणाऱ्या ब्राझीलच्या फाल्कावला इराणी खेळाडूंनीच हवेत झेलून निरोप दिला. निर्बंध, पैशाची चणचण, सगळं सोसून. आपल्या संघाचे प्रशिक्षक रेझा कोर्डीही इराणचेच, हे बरं झालं. आणि आपल्या संघात मिझोरामची नावं ठळक दिसतात, यातही नवल नाही. डोंगरउतारावर वसलेल्या ऐझॉलमध्ये मोठ्या मैदानाएवढी सपाट जागा काढणंच अवघड.

मुंबईतही तीच अडचण आहे, आणि मुंबईने त्यावर तोडही केव्हाच काढली होती. वांद्रे, माहीम, भायखळा, नागपाडा या पट्ट्यात सिमेंटच्या कोर्टावर रिंक फुटबॉल खेळला जातो. छोटे गोल, मोजके खेळाडू, पडलात तर ढोपर सोलणार. फुटसालचा सर्वांत जवळचा नातेवाईक टर्फवर सापडत नाही, या रिंकांमध्ये सापडतो. तिथली जुनी मंडळी अजून शिट्टी घेऊन उभी असतात. त्यांना फुटसालचे नियम शिकवायला एक रविवार पुरेल.

क्लबांचंही तसंच. लालबाग, परळ, प्रभादेवीची कबड्डी मंडळं म्हणजे लिस्बनच्या वस्ती-क्लबांचीच भावंडं: वर्गणी, एक खोली, ट्रॉफ्यांचं कपाट, रोज संध्याकाळी न चुकता येणारी पोरं, आणि त्यांना शिव्या घालत शिकवणारा कुणी गिरणीकामगाराचा मुलगा. मातीतून मॅटवर जाण्याचा बदल या मंडळांनी पचवला. त्यांना फुटसाल जमणार नाही असं मी मानत नाही. नाही ती फक्त जागा.

आतेभाऊ इथे हटून बसला. "जागा आणायची कुठून? मुंबई आहे ही." महापालिकेच्या शाळा आहेत, मी म्हटलं. पुष्कळ शाळांना सभागृह आहे, नाहीतर निदान सिमेंटचं पटांगण. संध्याकाळी शाळा सुटली की कुलूप. पूर्ण मापाचं मैदान तिथे मावणार नाही, पण दहा वर्षांच्या पोराला ते लागतही नाही. त्याने लगेच अडचणी काढल्या, आणि या वेळी त्या खऱ्या होत्या. सभागृहात कोटा फरशी असते, पावसाळ्यात ओल धरली की घसरते. खिडक्यांच्या काचा फुटल्या तर भरपाई कोण देणार, वॉचमनला दोन तास जास्त थांबवायचे पैसे कोण देणार, पोराचा हात मोडला तर मुख्याध्यापकांनी काय करायचं? पोर्तुगालमध्ये याचं उत्तर ठरलेलं आहे: नोंदणी करताना प्रत्येक मुलाचा विमा आणि डॉक्टरी तपासणी सक्तीची, आणि ती कटकट सगळे आईबाप शिव्या देत का होईना करतात. काचांना जाळी लागते. वॉचमनचे पैसे वर्गणीतून निघू शकतात, टर्फच्या तासाभराच्या भाड्यापेक्षा ते जास्त होऊ नयेत. कोटा फरशीवर अंथरायला कबड्डीची मॅट चालणार नाही, ती मऊ पडते. व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला वापरतात तसली सिंथेटिक गुंडाळी लागेल आणि तिला खर्च आहे. तो नगरसेवक निधीतून मागावा की जिल्हा क्रीडा खात्याकडे जावं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. त्याच्या मते निधी मागितला की पाटीवर फोटो येणार. येऊ दे, मी म्हणतो, पाटी भिंतीवर असते.