ॲजाइल म्हणजे ॲनालिसिसला सुट्टी नव्हे

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला पाच-सहा जणांनी पाठवला. आयटीत नव्याने येऊ पाहणाऱ्या मुलांसाठी तो लिहिलेला आहे. त्याचं सार असं: ॲजाइलमध्ये (सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवायची पद्धत) रिक्वायरमेंट ॲनालिसिस, म्हणजे नेमकं काय हवंय याचा शोध, नसतं. ॲजाइलच्या जाहीरनाम्यातच डॉक्युमेंट नको म्हटलंय. युजर स्टोरीचं, म्हणजे वापरणाऱ्याला काय आणि कशासाठी हवंय ते सांगणारं, एक वाक्य लिहिता आलं की झालं, राहिलेलं पुढच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या पुढच्या छोट्या टप्प्यात) बदलता येतं. पुरावा म्हणून अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय: आठशे पानांचा दस्तऐवज केला आणि प्रोजेक्ट बुडालं. आता ॲनालिस्टची गरज नाही, तेव्हा ॲनालिसिस शिकण्यात वेळ घालवू नका, दोन दिवसांत जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) शिका.

मी पंधरा वर्षं बिझनेस ॲनालिस्टचं काम करतेय. यावर विसंबलेली मुलं मुलाखतीत समोर बसतात आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडतात, तेव्हा खरंच वाईट वाटतं. त्यांची हुशारी कमी नसते, त्यांना चुकीचं सांगितलेलं असतं.

आधी जाहीरनामा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी तो लिहिला. सविस्तर दस्तऐवजापेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, हे त्यातल्या चार मूल्यांपैकी एक. मजकूर लिहिणारा इथे थांबला. जाहीरनामा मात्र पुढे सांगतो की उजव्या बाजूच्या, म्हणजे दस्तऐवजासारख्या, गोष्टींनाही किंमत आहे, डाव्या बाजूच्या, म्हणजे चालणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्या, आम्ही जास्त मोलाच्या मानतो. ‘त्यापेक्षा हे महत्त्वाचं’ याचा अर्थ ‘ते नकोच’ असा कुणी लावला तर काय करायचं? सोबतच्या बारा तत्त्वांपैकी एक तर असं आहे की व्यवसाय सांभाळणारे लोक आणि डेव्हलपर यांनी प्रोजेक्टभर रोज एकत्र काम करावं. रोज एकत्र येऊन ते काय करणार? नेमकं काय हवंय, कशासाठी हवंय आणि आधी काय हवंय, हेच ठरवणार. त्यालाच ॲनालिसिस म्हणतात. पूर्वी ते सुरुवातीला एकदा उरकायचं, आता रोज थोडं थोडं करायचं. काम वाढलंय, कमी झालेलं नाही.

आता ते एक वाक्य. युजर स्टोरी ॲजाइलच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग नावाच्या पद्धतीतून आली. त्याच वर्तुळातल्या रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये तिचे तीन भाग सांगितले: कार्ड, संवाद आणि खातरजमा. वाक्य म्हणजे नुसतं कार्ड. बोलायची आठवण राहावी म्हणून लिहिलेली चिठ्ठी.

एका पतसंस्थेच्या कामात आमच्याकडे असं कार्ड होतं: ‘पिग्मी एजंट म्हणून मला दुकानदाराने दिलेली रक्कम मोबाइलवर नोंदवायची आहे, म्हणजे संध्याकाळी शाखेत हिशेब लवकर जुळेल.’ वाक्य साच्यात अगदी चोख बसलेलं. टीमने आकडा टाकायची पेटी आणि सेव्हचं बटण असं दोन दिवसांत बनवलंही.

मग मी एका एजंटकाकांबरोबर दुपारभर बाजारपेठेत फिरले. काका एकाही दुकानात मोबाइल काढत नव्हते. हातात नोटा, समोर गिऱ्हाईक, दुकानदाराला घाई. ते छोट्या वहीत खातेनंबराचे शेवटचे तीन आकडे आणि रक्कम लिहायचे, की पुढचं दुकान. चाळीसेक दुकानं झाल्यावर चहाच्या टपरीवर बसून सगळ्या नोंदी एका दमात मोबाइलवर टाकायचे. एका किराणावाल्याने तीन दिवसांचे पैसे एकदम दिले. एकाने शंभर सांगून पन्नासच दिले, वहीत खाडाखोड झाली. तळघरातल्या टेलरकडे रेंजच नव्हती.

त्या एका दुपारीतून कार्डाच्या मागे प्रश्नांची रांग लागली. तीन दिवसांचे पैसे एक नोंद की तीन? चुकलेली रक्कम कुणी दुरुस्त करायची, एजंटने की शाखेने? खातेदाराला एसएमएस गेल्यावर दुरुस्ती केली तर त्याला काय कळवायचं? रेंज नसताना केलेली नोंद पुन्हा पाठवली गेली तर रक्कम दोनदा जमा होणार नाही ना? खातरजमा लिहायची ती इथे, आणि नेमक्या शब्दांत: ‘रेंज नसताना ५० रुपयांची नोंद केली आणि रेंज आल्यावर ती दोनदा पाठवली गेली, तरी खात्यात ५० रुपये एकदाच जमा झालेले दिसावेत.’ असं वाक्य टेस्टरला तपासता येतं, डेव्हलपरला त्यावर कोड लिहिता येतो, शाखाधिकाऱ्यालाही वाचून होय-नाही म्हणता येतं. हे शिकायला दोन दिवस पुरत नाहीत.

‘पुढच्या स्प्रिंटमध्ये बदलू’ हे पडद्यावरच्या गोष्टींना बऱ्यापैकी लागू पडतं. बटणाची जागा बदला, रंग बदला, काही बिघडत नाही. पण रेंज नसताना चालणं, व्याजाची गणना, ऑडिटसाठी प्रत्येक बदलाची नोंद, एकाच वेळी किती जण वापरणार, या गोष्टी इमारतीच्या पायासारख्या असतात. मजले चढल्यावर पाया बदलायचा खर्च कुणाला परवडतो?

आणि एफबीआय. उदाहरण खरं आहे, पण अर्धंच सांगितलंय. व्हर्च्युअल केस फाइल नावाची, तपासाच्या नोंदी ठेवायची त्यांची सिस्टिम १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावी लागली. रिक्वायरमेंटचा दस्तऐवज आठशेहून अधिक पानांचा होता, हेही बरोबर. पण त्यानंतरही मागण्या बदलतच राहिल्या, त्यांना आवर घालणारं कुणी नव्हतं. पुढे तिच्या जागी सेंटिनेल नावाची सिस्टिम आली. तीही आधी रखडली, २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेऊन ॲजाइल पद्धत लावली आणि जुलै २०१२ मध्ये ती सुरू झाली. मजकुरात नसलेला भाग हा: ॲजाइलवर गेल्यावर त्यांनी सुमारे ६७० युजर स्टोऱ्यांचा बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, केला, त्यांचा क्रम लावला आणि दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम केलं. ६७० स्टोऱ्या ॲनालिसिसशिवाय कुठून येतील? तरीही ऑक्टोबर २०११ मध्ये मोठ्या संख्येने लोकांना वापरायला दिल्यावर सिस्टिम दोनदा बंद पडली, हार्डवेअर अपुरं असल्याचं दिसलं आणि वेळापत्रक पुढे गेलं. पायाची गोष्ट म्हणतात ती हीच.

‘आता ॲनालिस्टची गरज नाही’ यावर फार लिहीत नाही. पदाचं नाव काहीही ठेवा, प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) विचारो नाहीतर डेव्हलपर विचारो. विचारणारं कुणीतरी लागतंच.

मुलाखतीत मी हल्ली तेच पिग्मीचं कार्ड समोर ठेवते आणि म्हणते, मला प्रश्न विचार. बहुतेक जण स्क्रीन कशी असेल इथून सुरुवात करतात. मध्यंतरी एका मुलीने कार्ड वाचलं आणि पहिलाच प्रश्न केला, “मॅडम, एजंटला कमिशन कशावर मिळतं? नोंद कुठल्या तारखेला पडते त्यावर त्याचा महिना ठरणार ना?” आमच्या टीमला हा प्रश्न चौथ्या स्प्रिंटमध्ये सुचला होता, तोही काकांचा फोन आल्यावर.